डोक्यातली जोडगोळी

मुलांनो, हा लेख खुर्चीत बसून वाचत असाल तर बसल्या बसल्याच एक गंमत करा. उजवा पाय जमिनीपासून थोडा उचला आणि घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेनं गोल गोल फिरवा. जमलं? छान. आता पाय तसाच फिरता ठेवून उजव्या हातानं हवेत गोल काढा, पण उलट्या दिशेनं.

काय झालं? पाय एक तर अडखळला, नाही तर मुकाट्यानं हाताच्या दिशेनं फिरायला लागला! पुन्हा करा. दात-ओठ खाऊन करा. तरी तो ऐकणार नाही. आता उजवा पायच फिरवा, पण गोल मात्र डाव्या हातानं काढा. बऱ्याच जणांना हे पहिल्यापेक्षा सोपं जातं.

असं का बरं होतं? याचं एक मोठं कारण तुमच्या कवटीच्या आत आहे. उजवा हात आणि उजवा पाय या दोघांना हुकूम सोडणारा मेंदूचा अर्धा भाग एकच आहे. त्यानं एकाच वेळी दोन उलट हुकूम द्यायचे म्हणजे गोंधळ होणारच. डाव्या हाताला हुकूम देणारा अर्धा भाग वेगळा असल्यामुळे दुसऱ्या वेळी काम वाटलं गेलं.

आता थांबा. उजव्या हातापायाला हुकूम देणारा भाग मेंदूच्या कुठल्या बाजूला असेल? उजव्या? अहं, डाव्या!

उलटा कारभार

मोठ्या माणसाच्या दोन मुठी एकमेकींना चिकटवून धरल्या की जेवढा आकार होतो, साधारण तेवढा आपला मेंदू असतो. वजन १३०० ते १४०० ग्रॅम. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी! या मुठींसारखेच मोठ्या मेंदूचे दोन भाग असतात, एक डावा आणि एक उजवा. त्यांना म्हणायचं गोलार्ध. वरून पाहिलं तर दोघांच्या मधोमध एक खोल खाच दिसते.

डाव्या गोलार्धातून निघालेले हुकूम खाली येतात, मेंदूच्या तळाशी मस्तिष्कपुच्छ नावाच्या भागापर्यंत. तिथं बहुतेक चेतातंतू बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. म्हणून तुमचा डावा गोलार्ध उजवा हात हलवतो आणि उजवा गोलार्ध डावा हात. डोक्याला एका बाजूला जखम झाली की झटके शरीराच्या दुसऱ्या बाजूला येतात, हे ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटिस या वैद्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांतही लिहून ठेवलेलं आहे. हे ग्रंथ दोन हजार वर्षांहून जुने आहेत.

डोळ्यांचं गणित जरा वेगळं आहे. समोरच्या भिंतीवर एक ठिपका निवडा आणि त्याच्याकडे टक लावून बघा. ठिपक्याच्या डावीकडे जे जे दिसतंय ते आधी उजव्या गोलार्धाकडे जातं आणि उजवीकडचं सगळं डाव्या गोलार्धाकडे. हे दोन्ही डोळ्यांच्या बाबतीत खरं असतं. म्हणजे या क्षणी तुमच्या समोरचं अर्धं जग एका गोलार्धाकडे गेलंय आणि अर्धं दुसऱ्याकडे. तुम्हाला मात्र मध्ये कुठेही शिवण दिसत नाही! असं कसं, ते पुढे बघू. हे ठिपक्याचं गणित तेवढं लक्षात ठेवा.

फक्त ‘टॅन’ म्हणणारा माणूस

दोन्ही गोलार्ध दिसायला जवळजवळ सारखे. मग ते कामंही सारखीच करत असतील का? खूप वर्षं सगळ्यांना तसंच वाटत होतं. मग १८६१ साल उजाडलं.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, ‘टॅन’. बहुतेक वेळा दोनदा, ‘टॅन टॅन’. म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणायचे. गंमत म्हणजे त्याला समोरच्याचं बोलणं बरंचसं समजत होतं. किती वर्षं इथं आहेस, असं विचारलं की तो हाताची बोटं उघडून मिटून आकडा सांगायचा. पण उत्तर शब्दांत काही येत नसे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तो वारला. पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या गोलार्धात, कपाळामागच्या भागात इजा झालेली होती. ब्रोका एका रुग्णावरून निष्कर्ष काढून मोकळे झाले नाहीत. त्यांनी असे आणखी रुग्ण शोधले. पुन्हा पुन्हा इजा डावीकडेच सापडत गेली. अखेर १८६५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आपण डाव्या गोलार्धानं बोलतो. त्या भागाला आज ‘ब्रोकाचं क्षेत्र’ म्हणतात. टॅनचा मेंदू ब्रोकांनी जपून ठेवला. तो इतका नीट जपला गेला, की जवळपास दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी त्याचं एमआरआय यंत्रानं चित्रण केलं.

पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरांनी डाव्या गोलार्धातला आणखी एक भाग शोधला. तिथं इजा झालेली माणसं भराभर बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना कळत नाही.

सगळ्यांचीच भाषा डावीकडे असते का? उजव्या हातानं लिहिणाऱ्या १०० माणसांपैकी सुमारे ९५ जणांची तिथंच असते. डावखुऱ्यांमध्येही १०० पैकी सुमारे ७० जणांची डावीकडेच असते. उरलेल्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेली असते. म्हणून तुमच्या वर्गातल्या डावखुऱ्या मैत्रिणीचा मेंदू उलटा आहे असं अजिबात समजू नका.

आणि ऐकू न येणारी जी मुलं हातांच्या खुणांनी बोलतात, त्यांचं काय? अमेरिकेतल्या साल्क संस्थेत उर्सुला बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसांच्या डाव्या गोलार्धाला इजा झाली, तर त्यांची खुणांची भाषाच बिघडते! म्हणजे डाव्या गोलार्धाला जिभेशी किंवा आवाजाशी बांधून घेतलेलं नाही. भाषा तोंडानं बोललेली असो नाही तर हातांनी, ती तो सांभाळतो.

मग उजवा काय करतो?

आई म्हणते, “कर, कर! तुला हवं तेच कर!” आता सांगा, ही परवानगी आहे का? शब्द तर परवानगीचेच आहेत. पण आईचा सूर ऐकला की तुम्ही गुपचूप मोबाइल खाली ठेवता. तो सूर ओळखण्यात उजव्या गोलार्धाचा मोठा वाटा असतो. तिथं इजा झालेल्या काही माणसांना शब्द सगळे समजतात, पण बोलणारा चिडलाय की खूश आहे ते सुरावरून कळत नाही.

गर्दीत मित्राचा चेहरा पटकन ओळखणं, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू किंवा भीती टिपणं, आपल्या आजूबाजूला कुठं काय आहे याचं भान ठेवणं, यांतही उजवा गोलार्ध पुढे असतो.

हे भान गेलं तर काय होतं, त्याची एक विलक्षण गोष्ट इटलीतल्या मिलान शहरात घडली. तिथं एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदियो लुत्सात्ती हे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे उजव्या गोलार्धाला इजा झालेले रुग्ण होते. असे रुग्ण डावीकडच्या जगाकडे लक्षच देत नाहीत. ताटात उजवीकडचं तेवढं खातात आणि डावीकडचं तसंच ठेवतात. डोळे चांगले असूनही असं होतं.

शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं, “आपल्या शहरातला कॅथेड्रलसमोरचा मोठा चौक डोळ्यांपुढे आणा. तुम्ही चौकाच्या टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात. आता कोणकोणत्या इमारती दिसतात?” रुग्णांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. डावीकडच्या जवळजवळ सगळ्या राहिल्या. मग शास्त्रज्ञ म्हणाले, “आता मनातल्या मनात चौक ओलांडा, कॅथेड्रलच्या दारात जा आणि वळून चौकाकडे बघा. आता काय दिसतं?” आणि काय आश्चर्य! मघाशी राहून गेलेल्या इमारती रुग्णांनी धडाधड सांगितल्या, कारण आता त्या उजव्या हाताला आल्या होत्या. आधी सांगितलेल्या मात्र गायब!

चौक त्यांना पूर्ण पाठ होता. पण मनातल्या चित्राचीसुद्धा डावी बाजू त्यांच्या लक्षात येत नव्हती. हा प्रयोग १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. उजवा गोलार्ध आपल्यासाठी गुपचूप किती काम करत असतो, हे त्यातून कळतं.

वीस कोटी धाग्यांचा पूल

आता भिंतीवरच्या ठिपक्याकडे परत या. अर्धं जग डावीकडे आणि अर्धं उजवीकडे जात असूनही आपल्याला ते एकसंध दिसतं, कारण दोन्ही गोलार्ध सतत एकमेकांशी बोलत असतात. खाचेच्या तळाशी त्यांना जोडणारा एक जाड पांढरा पट्टा आहे, त्याचं नाव कॉर्पस कॅलोझम. त्यात सुमारे २० कोटी चेतातंतू असतात! एका बाजूचा निरोप दुसरीकडे पोचायला सेकंदाचे काही हजारांश पुरतात. तुमच्या डोक्यातला हा पूल अजून पक्का होतोय बरं का, आणि विशी उलटेपर्यंत होत राहणार आहे.

हा पूल तोडला तर? उगीच कोणी तोडणार नाही. पण काही जणांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे, इतके भयंकर झटके येत की औषधांचा काही उपयोग होत नसे. झटका एका गोलार्धात सुरू होतो आणि पुलावरून दुसरीकडे पसरतो. म्हणून १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये विल्यम व्हॅन वॅगनन या शल्यविशारदांनी काही रुग्णांचा हा पूल कापून पाहिला. पुढे १९६२ पासून लॉस एंजेलिसमध्ये जोसेफ बोगन आणि फिलिप व्होगेल यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. रुग्णांचे झटके खूप कमी झाले. ती माणसं चालत, बोलत, हसत होती. भेटलात तर तुम्हाला काही वेगळं वाटलंही नसतं.

पण कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेतले रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी मायकल गझॅनिगा यांनी एक युक्ती केली. पडद्यावर मधोमध ठिपका ठेवला. रुग्णाला त्याच्याकडेच बघायला सांगितलं. मग ठिपक्याच्या डावीकडे क्षणभरच एक चित्र चमकवलं, समजा चमच्याचं. डोळे तिकडे वळायच्या आत चित्र नाहीसं! विचारलं, “काय दिसलं?” रुग्ण म्हणाला, “काहीच नाही.”

“बरं, आता डावा हात पडद्याखाली घाला आणि न बघता वस्तू चाचपा.” तिथं बऱ्याच वस्तू होत्या. डाव्या हातानं बरोबर चमचा उचलला!

कोडं सोडवा बघू. डावीकडचं चित्र गेलं उजव्या गोलार्धाकडे. त्याला चमचा दिसला, पण त्याला बोलता येत नाही. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला काही दिसलंच नाही, आणि पूल नसल्यामुळे कोणी सांगितलंही नाही. म्हणून तो खरं तेच बोलला, की काही दिसलं नाही. डाव्या हाताचा मालक मात्र उजवा गोलार्ध. त्यानं हातानं उत्तर दिलं.

पुढे १९७० च्या दशकात गझॅनिगा आणि त्यांचे सहकारी जोसेफ लडू यांनी याहूनही नवलाचं काही पाहिलं. पूल कापलेल्या एका मुलाच्या डाव्या गोलार्धाला दाखवला कोंबडीचा पाय आणि उजव्याला दाखवलं बर्फात बुडालेलं घर. मग सांगितलं, समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवड. उजव्या हातानं कोंबडी निवडली. डाव्या हातानं बर्फ उपसायचं फावडं निवडलं. दोन्ही बरोबर! आता विचारलं, “फावडं का निवडलंस?” डाव्या गोलार्धाला बर्फाचा पत्ताच नव्हता. तरी तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, “सोपं आहे. पाय कोंबडीचा आहे, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतं!”

तो मुलगा थाप मारत नव्हता. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. आपल्या डाव्या गोलार्धाला प्रत्येक गोष्टीमागचं कारण जुळवायची इतकी सवय आहे, की माहिती अपुरी असली तरी तो गोष्ट पूर्ण करतो. गझॅनिगांनी या सवयीला ‘दुभाषा’ असं नाव दिलं. तुमच्या-माझ्या डोक्यातही हा दुभाषा आहे, म्हणून आपण दिलेलं कारण खरं आहे का, ते आपणच एकदा तपासून घ्यावं. दोन गोलार्धांच्या कामांचा शोध घेतल्याबद्दल स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

अंड्यातलं पिल्लू आणि झोपाळू बदक

दोन बाजूंत कामं वाटून घ्यायची ही युक्ती माणसाचीच नाही. कोंबडीचं पिल्लू उजव्या डोळ्यानं दाणे शोधतं आणि डाव्या डोळ्यानं घारीवर नजर ठेवतं. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लाची मान अशी वळलेली असते, की डावा डोळा अंगाला चिकटतो आणि उजवा कवचाकडे येतो. कवचातून झिरपणारा उजेड उजव्या डोळ्यालाच मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी काही अंडी अंधारात ठेवून पाहिली. त्यांतून निघालेल्या पिल्लांना खड्यांतून दाणे वेचणं आणि वरच्या शत्रूवर लक्ष ठेवणं ही दोन कामं एकदम नीट जमेनात. वाटणी झाली की दोन कामं एका वेळी होतात, हा या वाटणीचा फायदा.

डॉल्फिन तर अर्ध्या मेंदूनं झोपतो! एक गोलार्ध झोपलेला असताना दुसरा जागा राहतो आणि श्वास घ्यायला पृष्ठभागावर येण्याचं काम सांभाळतो. रांगेत झोपलेल्या बदकांमध्ये कडेचं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. मधल्या बदकांना दोन्ही डोळे मिटून झोपायला मिळतं.

‘मी उजव्या मेंदूचा’ म्हणणं खरं का?

“गणित येतं म्हणजे तू डाव्या मेंदूचा, चित्रं काढतेस म्हणजे तू उजव्या मेंदूची” असं तुम्ही ऐकलं असेल. काही वर्गांच्या जाहिराती ‘उजवा मेंदू जागा करा’ असंही सांगतात. मुलांनो, यावर विश्वास ठेवू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ७ ते २९ वर्षं वयाच्या १०११ जणांच्या मेंदूंची चित्रणं तपासली. काही कामं डावीकडे आणि काही उजवीकडे चालतात हे त्यांना दिसलंच. पण ज्याचा सगळा डावा किंवा सगळा उजवा भाग जोरदार असतो, असा माणसांचा प्रकार काही सापडला नाही. गणित सोडवताना दोन्ही गोलार्ध राबतात आणि चित्र काढतानाही दोन्ही. तुमचा उजवा गोलार्ध जागाच आहे.

आत्ता हा लेख वाचतानाही दोघं कामाला लागले आहेत. हरियाणातल्या मानेसर इथं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी देवनागरी वाचणाऱ्यांचे मेंदू पाहिले, तेव्हा भाषेच्या डाव्या भागांबरोबर उजव्या गोलार्धातला जागेचं भान ठेवणारा भागही काम करताना दिसला. देवनागरी नीट बघा म्हणजे कारण कळेल. ‘कि’ची वेलांटी आधी येते, ‘की’ची नंतर, ‘कु’चा उकार खाली आणि ‘के’ची मात्रा वर. नुसती एकामागून एक अक्षरं वाचून भागत नाही, चारही बाजूंना लक्ष ठेवावं लागतं.

मेंदूची वाटणी दगडावरची रेघही नाही. फार गंभीर आजारामुळे काही लहान मुलांचा एक अख्खा गोलार्ध काढून टाकावा लागतो. त्यांचा एक हात अशक्त राहतो, चालण्यात फरक पडतो. पण यातली बरीच मुलं बोलतात, शिकतात, शाळेत जातात. डावा गोलार्ध गेला तर उजवा भाषा शिकतो! वय जितकं लहान, तितकं हे सोपं.

आता तुमची पाळी

दोन प्रयोग सांगते. पहिला: लाकडी पट्टी उजव्या हाताच्या तर्जनीवर उभी तोला आणि घरातल्या कोणाला तरी वेळ मोजायला सांगा. मग पट्टी तोलत तोलत सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. तेच डाव्या हातानं करा. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांमध्ये बोलताना उजव्या हाताचा तोल जास्त बिघडतो, असं संशोधकांना दिसलं आहे, कारण पाढा आणि उजवा हात दोन्ही एकाच गोलार्धाकडे येतात.

दुसरा: कागदावर दोन चेहरे काढा. पहिल्याच्या तोंडाची तुमच्या डाव्या हाताची बाजू हसरी आणि उजवी उदास. दुसरा त्याच्या अगदी उलट. मग पाच-दहा जणांना सांगा, “नाकाकडे बघा आणि पटकन सांगा, जास्त आनंदी कोण?” डावीकडून उजवीकडे वाचणारे आपल्यासारखे बहुतेक लोक पहिला चेहरा निवडतात. त्यामागे कोणता गोलार्ध असेल, ते आता तुम्हीच सांगू शकता.

प्रत्येक वेळी उत्तर पुस्तकाप्रमाणेच येईल असं नाही. जे आलं तेच वहीत लिहा, पट्टी घसरली तर घसरली असं लिहा. ब्रोकांनी एका टॅनवर न थांबता आणखी रुग्ण शोधले, तसे तुम्हीही आजी, बाबा, शेजारच्या काकू आणि वर्गातले डावखुरे मित्र असे जितके मिळतील तितके जण शोधा. आणि कोणी तुम्हाला ‘तू अर्ध्याच मेंदूचा’ असं सांगायला लागलं, तर त्यांच्या हातात ती वही द्या.